जुने साय-फाय सिनेमे फिके वाटतात, नवे गेम डोक्यावरून जातात: मग सुरुवात कुठून करायची?

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, पन्नाशी जवळ आली आहे. लहानपणी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' पाहिलं, दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा वाचल्या आणि १९९४ साली हिंदीत डब होऊन आलेला 'ज्युरासिक पार्क' भावाबरोबर थिएटरात पाहिला. या सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याला तोच सिनेमा हौसेने दाखवला, तर तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला, आणि तुम्हालाही सिनेमा पूर्वीसारखा वाटला नाही. मग भाच्याने त्याच्या 'वॉरफ्रेम' या ऑनलाइन गेममध्ये तुम्हाला बोलावलं. तिथे सगळे इकडून तिकडे उड्या मारत होते आणि अर्ध्या तासात तुम्ही लॅपटॉप मिटला. आता तुम्ही विचारताय की या वयात हे जमेल का, कोणता गेम घ्यावा, ऑफिसचा लॅपटॉप चालेल का, आणि घरचे म्हणतात तसे ऑनलाइन गेम म्हणजे पैशाला वाट हे खरं आहे का.

मी सोलापुरात बरीच वर्षं गेमिंग कॅफे चालवतो. त्याआधी त्याच जागेत सायबर कॅफे होता. कॉलेजची पोरं येतात, कारखान्यातून पाळी संपवून येणारे येतात, आणि अलीकडे पोरांचे आईवडीलही येऊन बसू लागलेत. अधूनमधून ओळखीच्या मंडळींसाठी घरी जुने साय-फाय सिनेमे लावतो. जे सांगतोय ते यातून आलेलं आहे. काही गोष्टी तुमच्या यंत्रावर, इंटरनेटवर आणि स्वभावावर अवलंबून आहेत. तिथे तसं सांगेन.

माझ्या मते 'कोणता गेम' हा तुमचा खरा प्रश्न नाही. बाकीचे सगळे पुढे गेले, आपण तीस वर्षं मागे राहिलो आणि आता धावत जाऊन त्यांना गाठायचंय, असं तुम्ही मनाशी धरलंय. यात गाठण्यासारखं काही नाही हो. तुम्हाला जुन्या गोष्टींत नेमकं काय आवडलं होतं ते एकदा सापडलं की गेम निवडणं फार सोपं होतं. ते न शोधता भाचा खेळतो म्हणून तोच गेम घेतलात, तर तुम्ही वीस वर्षांच्या असतात तरी कंटाळला असतात.

म्हणून आधी सिनेमाबद्दल बोलू.

'ज्युरासिक पार्क' दोन तासांहून थोडा मोठा आहे आणि त्यात डायनासोर दिसतात ते सगळं मिळून पंधराएक मिनिटं. पहिला डायनासोर नीट समोर यायला वीसेक मिनिटं लागतात, टी-रेक्स यायला जवळजवळ तास. बाकीचा वेळ सिनेमा आपल्याला ताटकळत ठेवतो, आणि हे ताटकळणं आवाजाच्या जोरावर उभं आहे. डीटीएस ही डिजिटल आवाजाची पद्धत थिएटरांत पहिल्यांदा आली ती याच सिनेमाबरोबर, १९९३ मध्ये. गाडीत ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात तो प्रसंग आठवा. चित्रीकरणात ती वर्तुळं उठवायला डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून छेडली होती. पाणी हलतंय हे डोळ्यांना दिसतं, पण छातीत धस्स होतं ते जमिनीतून आल्यासारख्या वाटणाऱ्या त्या खोल दणक्यामुळे. टीव्हीच्या आत बसवलेल्या चपट्या स्पीकरमधून तो दणका बाहेरच येत नाही. दुपारची वेळ, खिडकीतून उजेड, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, हातात मोबाईल. भाच्यापर्यंत त्या सिनेमाचा अर्धा भाग पोचलाच नाही. त्याला दोष देऊ नका, आणि स्वतःच्या आवडीलाही देऊ नका.

पुन्हा पाहायचा तर रात्री जेवणं झाल्यावर, दिवे मालवून, सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहा. साउंडबार असेल तर उत्तम, नसेल तर चांगले हेडफोन. हिंदी डब मिळाला तर तोच लावा. डब आवाजांना नाक मुरडणारे खूप भेटतील, पण तुम्ही तो सिनेमा हिंदीत ऐकला होता, तुमच्या आठवणीतले आवाज ते आहेत. भाच्याला इंग्रजीत पुन्हा पाहायचा असेल तर तो पुण्याला जाऊन पाहील.

सिनेमा पूर्वीसारखा न वाटण्याचं दुसरं कारण थोडं वेगळं आहे. तुम्ही तेव्हा पाहिलेली प्रत आणि आज समोर येणारी प्रत बऱ्याचदा एक नसते. 'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका १९६६ ते १९६९ मधली. २००६ पासून तिची नव्याने साफ केलेली आवृत्ती निघाली, त्यात यानाची आणि ग्रहांची दृश्यं संगणकावर पुन्हा केली. आज स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा तीच दिसते. आपल्याकडे रंगीत टीव्ही आला १९८२ साली, आणि तो घराघरांत पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. म्हणजे तुमच्या पिढीतल्या अनेकांनी ते यान कृष्णधवल पाहिलं. पिवळे, निळे, लाल गणवेश म्हणजे वेगवेगळ्या खात्यांची माणसं, हे कळायला मार्गच नव्हता. 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या तीन सिनेमांतही १९९७ मध्ये नवी दृश्यं घातली गेली आणि त्यानंतर अधिकृतपणे मिळत राहिल्या त्या प्रामुख्याने बदललेल्या प्रती. तेव्हा एखाद्या ठिकाणी 'हे असं नव्हतं' असं वाटलं तर तुमची स्मृती दगा देतेय असं लगेच समजू नका. कदाचित खरंच तसं नव्हतं.

अर्थात काही सिनेमे नुसत्या नवलाईवर उभे होते. नवलाई ओसरली की त्यांत फारसं उरत नाही. असे सिनेमे दुसऱ्यांदा लावू नयेत, आठवणीतच चांगले असतात. आमच्या बैठकीत निम्म्या लोकांनी तक्रार केली की तो सिनेमा मी यादीतून काढतो.

आता मुख्य काम. पुढचा जुना सिनेमा पाहताना एवढंच लक्षात ठेवा: कोणत्या प्रसंगात तुम्ही पुढे सरकून बसलात? माझ्याकडे येणाऱ्या माणसांना मी हाच प्रश्न विचारतो आणि त्यांच्या उत्तरावरून गेम सुचवतो.

काहींना विस्तार आवडतो. भलामोठा ग्रह, त्याच्यापुढून हळूहळू सरकणारं यान, माणूस ठिपक्याएवढा. त्यांच्यासाठी 'नो मॅन्स स्काय' आहे. त्यातले ग्रह कुणी एकेक करून बनवलेले नाहीत, गणिती सूत्रातून तयार होतात, आणि त्यांची संख्या दोनचा चौसष्टावा घात, म्हणजे १८ च्या पुढे आणखी १८ शून्यं, इतकी प्रचंड आहे. २०१६ मध्ये तो आला तेव्हा लोक फार चिडले होते, कारण दोन खेळाडू एकाच ग्रहावर उभे असूनही एकमेकांना दिसत नव्हते. बनवणाऱ्यांनी काम सोडलं नाही. २०१८ च्या मोठ्या अपडेटनंतर बरोबर फिरणं जमू लागलं आणि आज तो शांतपणे भटकायला फार सुंदर गेम आहे. 'एलिट डेंजरस'मध्ये तर आपली आख्खी आकाशगंगा मूळ मापात उभी केली आहे, सुमारे ४०,००० कोटी तारामंडलं, आणि ज्ञात तारे त्यांच्या खऱ्या जागी. पण त्यात यान बंदरावर उतरवायला शिकणं हाच एक अभ्यासक्रम आहे. पहिला गेम म्हणून तो मी कुणालाही देत नाही.

काहींना माणसं आवडतात: यानावरची टोळी, त्यांची भांडणं, एकमेकांसाठी जीव टाकणं. अशांसाठी 'स्टार ट्रेक ऑनलाइन' आहे, २०१० चा, २०१२ पासून फुकट. त्यात मूळ मालिकेत स्पॉक झालेल्या लिओनार्ड निमॉय यांचा आवाजही आहे. जुन्या प्रेक्षकाला तो ऐकून काय वाटतं ते मी कॅफेत पाहिलंय. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' हा २०११ चा गेमही याच जातीचा. त्यात आठ वेगवेगळ्या पेशांच्या आठ लांबलचक कथा आहेत, सगळी पात्रं आवाजात बोलतात, आणि कथेचा मोठा भाग पैसे न भरता एकट्याने, आपल्या गतीने खेळता येतो. आजूबाजूला बाकीचे लोक पळत असतात, त्यांच्याकडे बघायची गरज नाही.

काहींना यंत्रं आवडतात. हे कसं चालतं, कुठे अडलं, कसं दुरुस्त करायचं. 'फॅक्टोरिओ' हा परग्रहावर कारखाना उभारायचा गेम सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्या घरांतली पोरं ज्या सहजतेने उचलतात ते पाहण्यासारखं असतं. मागाला बाणा, म्हणजे आडवं सूत, कमी पडला की पुढचं सगळं ठप्प, हे त्यांनी घरात लहानपणापासून पाहिलेलं आहे. गेममध्ये पट्ट्यावर तांबं कमी आलं की ती लगेच मागे मागे जाऊन कुठे तुटलंय ते शोधतात. रॉकेट बांधून कक्षेत सोडायचं असेल तर 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. कक्षा म्हणजे काय, पुढच्या यानाला गाठायचं तर वेग कमी का करावा लागतो, हे पुस्तकात न कळलेलं त्यात हाताला कळतं.

आणि काहींना प्रश्न आवडतो. 'समजा असं झालं तर?' एवढं एक वाक्य, आणि त्यातून निघणारे परिणाम शेवटपर्यंत नेणं. मराठी वाचकांचं विज्ञानकथेशी नातं मुळात असं जुळलंय. आपल्याकडे महागड्या दृश्यांचे सिनेमे नव्हते. कथा होत्या, दिवाळी अंक होते, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धा होत्या. तुम्ही पत्रात सिनेमांची नावं घेतलीत, पण दिवाळी अंकांतल्या कथांबद्दल दोनदा लिहिलंत, आणि 'ज्युरासिक पार्क'मधलंही तुम्हाला आठवलं ते डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोर परत आणण्याची कल्पना. टी-रेक्सचा पाठलाग नाही आठवला. म्हणून माझा अंदाज असा की तुम्ही या शेवटच्या गटातल्या आहात. चुकत असेन तर वरच्या तिन्हींपैकी जे तुम्हाला पटेल ते घ्या.

आता 'वॉरफ्रेम'मध्ये काय झालं ते सांगतो. तो २०१३ पासून चालू असलेला गेम आहे. दरवर्षी त्यात नवी हत्यारं, नवे नियम, नवी चलनं, नवे ग्रह यांची भर पडत गेली आणि जुनं फारसं काढलं गेलं नाही. नवा माणूस आत आला की हे सगळं एकदम अंगावर येतं. त्यात तुमचा भाचा बराच मुरलेला. तो तुम्हाला मदत म्हणून पुढे पळत जाऊन सगळे शत्रू मारून मोकळा होतो आणि तुम्ही रिकाम्या खोल्यांमधून त्याच्या मागे धावता. तुमचं वय इथे आडवं आलं नाही. मुरलेल्या खेळाडूबरोबर नवखा बसला की प्रत्येक वेळी हेच होतं. कॅफेत एकाच वर्गातल्या दोन मित्रांचंही होतं.

यावर माझ्याकडे एकच उपाय लागू पडलाय: दोघंही नवखे असतील असा गेम निवडा, किंवा निदान असा निवडा की एकाला दुसऱ्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

तुमच्यासाठी मी 'पोर्टल २' सुचवतो. २०११ चा आहे. एका सोडून दिलेल्या प्रयोगशाळेत तुम्ही अडकलेल्या असता आणि हातातल्या यंत्राने भिंतीवर दोन छिद्रं पाडता. एकातून आत गेलात की दुसऱ्यातून बाहेर. सगळा गेम या एका कल्पनेवर आहे. उंचावरून खालच्या छिद्रात उडी मारली तर त्याच वेगाने भिंतीतल्या छिद्रातून आडव्या फेकल्या जाल, मग त्या वेगाचा उपयोग कसा करायचा? अशी कोडी. त्यात एकट्याची एक कथा आहे आणि दोघांनी मिळून ऑनलाइन खेळायची वेगळी कथा आहे, दोन रोबोंची. दोघांकडे दोन-दोन छिद्रं, आणि कोडी अशी रचलेली की एकट्याने ती सुटत नाहीत. भाचा कितीही चपळ असला तरी तुम्ही दार उघडून धरल्याशिवाय तो हलू शकत नाही. हाताच्या वेगापेक्षा विचार करून बघण्याची सवय इथे जास्त कामाला येते.

त्याआधी २००७ चा पहिला 'पोर्टल' एकट्याने खेळून घ्या. तो छोटा आहे, काही तासांत संपतो, आणि चालणं, वळणं, बघणं हे हाताला बसवायला त्याच्याइतका चांगला शिक्षक मला दुसरा माहीत नाही. डावा हात कीबोर्डच्या चार बटणांवर चालण्यासाठी आणि उजवा माऊसवर बघण्यासाठी, हे एकत्र जमायला नव्या माणसाला थोडे दिवस लागतात. पोरांना ते पाचवीतच जमलेलं असतं म्हणून ती पटकन शिकलेली वाटतात. टचपॅडवर खेळू नका, साधा माऊस घ्या. गेमचा कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र, घ्यावा का? तुम्ही रोज ऑफिसात माऊस वापरता, त्याची सवय आहे, तर कंट्रोलरवर आत्ता खर्च करू नका.

एक गोष्ट मात्र मी तुमच्या वयाच्या प्रत्येकाला आधी सांगतो. अशा गेममध्ये आपण पात्राच्या डोळ्यांतून पाहतो. पडदा फिरतो, शरीर मात्र खुर्चीत स्थिर असतं. त्यामुळे काहींना मळमळतं, गाडी लागल्यासारखं होतं. होईलच असं नाही, पण झालं तर त्याच क्षणी थांबायचं, 'हे कोडं सुटलं की उठते' असं म्हणायचं नाही. खोलीत दिवा चालू ठेवा, पडद्यापासून हातभर लांब बसा, सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटंच. प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा असेल तर मान वर करून बघावं लागतं आणि मान धरते. पडदा थोडा खाली घ्या. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मोठ्या माणसांनी गेम सोडले ते यामुळे. त्यांना वाटलं आपल्याला जमत नाही, पण खरी अडचण खुर्चीच्या आणि पडद्याच्या उंचीची होती.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही टाकू नका. ते यंत्र तुमचं नाही, त्यावर कंपनीची नजर असते, आणि काही ऑनलाइन गेमबरोबर येणारं फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर संगणकाच्या फार आतपर्यंत शिरतं. घरात मुलांचा जुना लॅपटॉप आहे असं तुम्ही लिहिलंय, तो पुरेल. दोन्ही 'पोर्टल' वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय (पडद्यावरची चित्रं तयार करणारा जादा भाग), इंटेलच्या आतल्या साध्या ग्राफिक्सवरही चालतात. 'नो मॅन्स स्काय'ला मात्र चांगलं कार्ड लागतं, तो विचार पुढे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. चालतोय का, मळमळतं का, हे त्या दोन तासांत कळतं.

सोलापूरच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत लॅपटॉप तापला की तो स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि गेम अडखळायला लागतो. लोक मग गेमला किंवा इंटरनेटला नावं ठेवतात. लॅपटॉप गादीवर, चादरीवर ठेवू नका. खालून हवा जायला हवी. मागच्या बाजूला दोन पुस्तकं लावून तो उचला, पंखा समोर घ्या, आणि उन्हाळ्यात सकाळी किंवा रात्री खेळा. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर बंद पडतो, म्हणून इन्व्हर्टरची एक लाइन राउटरला दिलेली असावी.

इंटरनेटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 'वॉरफ्रेम'मध्ये तुम्हाला सगळं झटके देत चाललंय असं वाटलं, त्याचा एक भाग यात असू शकतो. इथे विज्ञानकथेच्या वाचकाला आवडेल अशी गोष्ट आहे: प्रकाशाचा वेग. पोकळीत तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर, पण काचेच्या फायबरमध्ये दोन लाखांच्या आसपास. तुम्ही बटण दाबल्यावर निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. सर्व्हर मुंबईत असेल तर सोलापूरपासून जाऊन-येऊन आठशेएक किलोमीटर, प्रकाशाला चार मिलिसेकंद. सिंगापूर मुंबईपासून चार हजार किलोमीटरच्या घरात. जाऊन-येऊन किमान चाळीस. युरोपात असेल तर किमान पासष्ट-सत्तर. प्रत्यक्षात केबल समुद्राखालून वळणं घेत जाते, मध्ये अनेक यंत्रं लागतात, म्हणून खरा आकडा याच्या दीडपट-दुप्पट येतो. कितीही महाग प्लॅन घेतला तरी हा खालचा आकडा तोडता येत नाही. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला म्हणून युरोप जवळ येत नाही. इंटरनेटवाल्याचा माणूस वेगळं सांगेल, त्याचं ऐकू नका.

तुमच्या हातात आहे ते एवढंच: राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल लावणं. भिंतीपलीकडच्या वायफायवर किंवा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पिंग एका क्षणी चाळीस, दुसऱ्या क्षणी दोनशे असं नाचतं, आणि हे नाचणं सतत शंभर असण्यापेक्षा जास्त त्रासदायक असतं. नेमबाजीच्या स्पर्धांमध्ये पिंगला फार महत्त्व आहे. कथेच्या आणि कोड्यांच्या गेममध्ये शंभर-दीडशेवरही काही बिघडत नाही. 'पोर्टल २'मध्ये तर तुमचं आणि भाच्याचं यंत्र एकमेकांशी जोडलं जातं, आणि पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे.

पैशाची भीती. घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. पैसे लावून पैसे जिंकायचे जे ऑनलाइन खेळ होते, त्यांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंदी आली. एकदा पैसे देऊन विकत घेतलेला किंवा वर्गणी भरून खेळायचा गेम ही त्यापासून वेगळी गोष्ट आहे. मात्र फुकटच्या गेममध्येही एक सापळा असतो: आत काय आहे ते न दाखवता विकलेली पेटी, लूट बॉक्स. २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'मध्ये अशा पेट्यांवरून जगभर गदारोळ झाला आणि २०१८ मध्ये बेल्जियमने या प्रकाराला जुगार ठरवलं. माझा कॅफेतला नियम सांगतो: काय मिळणार हे आधी दिसत नसेल तर एक रुपयाही द्यायचा नाही. आणि घरच्या खात्याचं कार्ड गेमच्या खात्यात कधीच साठवून ठेवायचं नाही, भाच्याच्या खात्यात तर नाहीच.

'या वयात' याबद्दल. ऑनलाइन कुणाला तुमचं वय दिसत नाही, दिसतं ते तुम्ही घेतलेलं नाव. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, कारण नावाजलेल्या शास्त्रज्ञाची म्हणून तिला गुण मिळू नयेत. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तुम्हीही एखादं आवडतं नाव घ्या आणि निवांत खेळा. अनोळखी लोकांचा आवाज मात्र सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मोठ्या गेममध्ये शिवीगाळ होते आणि ती सहन करण्यात काही शौर्य नाही. माझ्याकडची पोरं घरी तेलुगू किंवा कन्नड, रस्त्यावर मराठी आणि माईकवर हिंदी बोलतात, पण शिव्या सगळ्या भाषांत येतात. भाच्याशी बोलायला फोन स्पीकरवर ठेवला तरी भागतं.

सिनेमाच्या जगावरचाच गेम घ्यावा असा हट्ट धरू नका, याचं आणखी एक कारण. 'द मॅट्रिक्स ऑनलाइन' २००५ मध्ये आला आणि २००९ मध्ये बंद झाला. 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' २००३ ते २०११ चालला. त्यातही २००५ मध्ये नियम असे बदलले की आधी आलेले कित्येक लोक निघून गेले. तिथे लोकांनी घरं बांधली होती, दुकानं टाकली होती. सर्व्हर बंद झाला की ते सगळं गेलं. सिनेमा कपाटात राहतो, ऑनलाइन जग राहीलच असं नाही. त्यात जावं ते आत्ता बरोबर असलेल्या माणसासाठी. तिथे कुणाबरोबर जायचं हे तुमच्याकडे आधीच ठरलेलं आहे, ही तुमची फार मोठी जमेची बाजू आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना असा कुणी नसतो.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात माऊस आणि लॅन केबल आणा, पहिला 'पोर्टल' एकट्याने रोज थोडा थोडा खेळा. तो संपला की 'पोर्टल २'ची एकट्याची कथा, कारण दोघांची कथा तिच्यानंतरची आहे आणि आधी खेळलात तर शेवट फुटतो. मग शनिवारी रात्री भाच्याबरोबर बसा. त्याने तो आधी खेळलेला असेल तर त्याच्याकडून कबूल करून घ्या की उत्तर येत असलं तरी तो तोंड उघडणार नाही आणि पुढे पळणार नाही. आत्याने विचारलं तरच बोलायचं. आमच्या कॅफेत जाणत्या खेळाडूला नवख्याच्या शेजारी बसवताना मी त्याला हात मागे बांधून बसायला लावतो. दोघांची कथा पाच-सहा तासांत होते, म्हणजे चार-पाच शनिवार. त्यानंतरही ओढ वाटली, तर मला यंत्राची माहिती लिहून पाठवा: प्रोसेसर, रॅम, आणि किती रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. मग 'नो मॅन्स स्काय' किंवा 'आउटर वाइल्ड्स'साठी काय घ्यायचं ते सांगतो. 'आउटर वाइल्ड्स' ऑनलाइन नाही, एकट्याचा आहे. त्यात दर बावीस मिनिटांनी काळ पुन्हा मागे जातो आणि असं का होतं ते तुम्ही शोधून काढायचं असतं. दिवाळी अंकांतल्या कथा दोनदा आठवणाऱ्या माणसाला मी खरं तर तोच द्यायला उत्सुक आहे, पण आधी हात बसू द्या.